‘बरें आहे’ म्हणणारांचें बरें कोणी केलें?

सरकारी खात्यांचे व मोठमोठ्या संस्थांचे पाहणीदार आमच्या खेड्यापाड्यांतून हिंडतात, ओसरीवर बसतात आणि पुष्कळ प्रश्न विचारतात. वय किती, शिक्षण किती, जात कोणती, जमीन किती, घर पक्कें कीं कच्चें, असें विचारतां विचारतां एक प्रश्न असा येतो कीं, "एकंदरींत तुमची प्रकृति कशी आहे? फार चांगली, चांगली, मध्यम, वाईट, कीं फार वाईट?" आमचा शेतकरी, आमचा कोष्टी, सुतार, लोहार, कुंभार कपाळावरचा घाम पुसतो आणि सांगतो, "बरें आहे." पाहणीदार ‘चांगली’ या शब्दापुढें खूण करतो व शेजारच्या घरीं जातो. अशा हजारों खुणांचा ढीग होऊन त्याचें एक जाडजूड पुस्तक निघतें. मग तें पुस्तक वरवर चाळून शहरांतील कांहीं शहाणे बोलूं लागतात कीं, खेड्यांतल्या माणसाची प्रकृति ठणठणीत आहे. मोकळी हवा, साधी भाकरी, अंगमेहनत, मग त्याला दुखणें कोठून येणार? आणि दुखणें नाहीं तर दवाखाना हवा कशाला? या शहाणपणाचा समाचार घेणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

प्रथम या ‘बरें’ शब्दाचाच विचार करूं. दोन माणसें वाटेंत भेटलीं कीं एक विचारतो, "काय पाव्हणं, बरं हाय का?" दुसरा म्हणतो, "बरं हाय." या बोलण्यानें कोणी कोणाची नाडी पाहत नाहीं, तो रामराम आहे. ज्याचा बैल काल मेला तोही "बरं हाय" म्हणतो आणि ज्याचा कांदा मातीमोल भावानें गेला तोही म्हणतो. अंथरुणांतून उठून माणूस हिंडूं लागला म्हणजे आम्ही म्हणतों ‘बरा झाला’. बोलणें आवरतें घ्यावयाचें असलें म्हणजे म्हणतों ‘बरं, बरं.’ म्हणजे या एका शब्दांत रामराम आहे, दुखणें उतरल्याची खूण आहे, आणि ‘आतां पुढें विचारूं नका’ अशी विनंतीही आहे. पाहणीदारानें यांतील कोणता अर्थ लिहून नेला, हें त्याला ठाऊक नसतें, आणि त्याचें पुस्तक वाचणारास तर मुळींच ठाऊक नसतें.

आतां आंकड्यांकडे वळूं; नाहीं तर आम्ही भावनेच्या भरीं बोलतों असा आमच्यावर आरोप यावयाचा. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या सालांत झाली. गेल्या १५ दिवसांत आपण आजारी होतों असें सांगणारीं माणसें खेड्यांत शेंकडा ६.८ निघालीं व शहरांत शेंकडा ९.१ निघालीं. हा एक कागद. आतां दुसरा कागद पाहा. जन्ममृत्यूची जी नमुना नोंदणी सरकार करतें, तिच्या २०१४ ते २०१८ च्या हिशेबाप्रमाणें या देशांत शहरांत जन्मलेल्या जीवाचें सरासरी आयुष्य ७२.६ वर्षें, आणि खेड्यांत जन्मलेल्याचें ६८.० वर्षें. दोन्ही कागद त्याच देशाचे, जवळजवळ त्याच काळांतले, आणि दोन्ही सरकारचेच. एक म्हणतो खेडूत कमी आजारी पडतो. दुसरा म्हणतो तो साडेचार वर्षें आधीं मरतो. कमी आजारी पडणारा माणूस लवकर मरतो, हा चमत्कार कोणत्या वैद्यकशास्त्रांत लिहिला आहे? आमच्या बुद्धीला एकच उत्तर सुचतें. खेडूत आजारी कमी पडत नाहीं. तो आजारास आजार म्हणत नाहीं.

हें आम्हांसच सुचलें असें नाहीं. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनीं २००२ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या वैद्यकाच्या पत्रांत हीच विसंगति उघडी करून दाखविली. केरळांतील माणूस तेव्हां या देशांत सर्वांत अधिक काळ जगत असे, पण "मला अमुक दुखतें, तमुक होतें" ही तक्रार सर्वांत अधिक तोच करी. बिहारांतील माणसाचें आयुष्य तोकडें, पण तक्रार सर्वांत कमी त्याची. आणि अमेरिकेंतील माणसें तर केरळच्याही पुढें जाऊन तक्रार करतात. याचा अर्थ केरळ व अमेरिका हे रोग्यांचे देश आणि बिहार पहिलवानांचा, असा करावयाचा काय? केरळांत गांवोगांव शाळा व दवाखाने झाले. तेथील बाई वाचते, डॉक्टरकडे जाते, छातींतील धडधडीस नांव आहे हें तिला समजतें, म्हणून ती तें नांव घेते. जेथें शाळा नाहीं, दवाखाना नाहीं, तेथें दुखण्यास नांवच नाहीं. आणि ज्यास नांव नाहीं तें तक्त्यांत चढत नाहीं.

याहून विदारक दाखला बंगालचा आहे. १९४३ सालीं बंगालांत भीषण दुष्काळ पडून लाखों माणसें अन्नान्न करून मेलीं. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९४४ सालीं, कलकत्त्याजवळ सिंगूर येथें अखिल भारतीय आरोग्यशास्त्र संस्थेनें लोकांस त्यांच्या प्रकृतीविषयीं विचारलें. ज्यांच्या बायका वारल्या होत्या अशा पुरुषांपैकीं शेंकडा ४८.५ जणांनीं आपली प्रकृति वाईट किंवा यथातथाच असल्याचें सांगितलें. आणि विधवा बायांपैकीं? शेंकडा अवघ्या २.५. वाचकहो, हे दोन आंकडे पुन्हा एकदां शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. दुष्काळानें होरपळलेल्या मुलखांतील विधवा, जिला घरांत शेवटचा घांस मिळतो आणि कित्येकदां तोही मिळत नाहीं, ती सांगते कीं मला कांहीं झालेलें नाहीं. तिची प्रकृति विधुराहून वीस पट चांगली होती असें जो म्हणेल त्याच्या पुढें आम्ही हात टेकले! तिला कांहीं झालें नव्हतें असें नाहीं. आपल्याला कांहीं होतें आहे असें म्हणण्याचा हक्क आपणांस आहे, हेंच तिला कोणी कधीं शिकविलें नव्हतें. जन्मल्यापासून जिला सोसण्याचीच शिकवण मिळाली, तिनें सोसणें हेंच आरोग्य मानलें.

आणि ही गोष्ट १९४४ सालींच संपली असें समजूं नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पांचवी फेरी २०१९ ते २०२१ या सालांत झाली. बोटाला सुई टोंचून थेंबभर रक्त पाहिलें, तेव्हां १५ ते ४९ वर्षांच्या बायांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या अंगांत रक्त कमी निघालें. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५. म्हणजे निम्म्याहून अधिक बाया रक्त कमी असतां डोक्यावर हंडा घेतात, खुरपतात, मळणी करतात, मागावर कांड्या भरतात, विड्या वळतात. यांतल्या किती जणींनीं स्वतः होऊन घरांत सांगितलें असेल कीं, "मला चालवत नाहीं, मला धाप लागते"? आणि सांगितलें तर घरांत काय उत्तर मिळालें असेल? "बायकांचें असतंच तसं." हें उत्तर कोणी शेटजीनें किंवा भटजीनें दिलेलें नाहीं, तें आमच्याच घरांत, आमच्याच तोंडून बाहेर पडतें. परक्याच्या जुलमाविरुद्ध दंड थोपटणाऱ्यांनीं आपल्या घरांतल्या या जुलमाकडे कानाडोळा करावा, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

मग आमचा माणूस "बरें आहे" कां म्हणतो? त्याचीं कारणें आम्हांस दिसतात तीं अशीं.

एक, त्याचें माप निराळें आहे. ज्याच्या बापाची पाठ चाळिशींतच वांकली, ज्याच्या आईचे डोळे धुरानें गेले, ज्याच्या पेठेंतले सगळे कोष्टी संध्याकाळीं खोकतातच, त्याला आपली पाठ, आपले डोळे, आपला खोकला यांत विशेष काय वाटणार? माणूस आपली प्रकृति शेजाऱ्याच्या प्रकृतीशीं ताडून पाहतो. सगळा गांवच मोडलेला असला म्हणजे मोडलेपणा हीच नीट चाल ठरते.

दोन, त्याला आजारी पडणें परवडत नाहीं. पगारदारास रजा आहे. मजुरास खाडा आहे. म्हणून हातपाय चालतात तोंवर तो स्वतःस आजारी म्हणत नाहीं, आणि हातपाय थांबले म्हणजे मगच दवाखान्याची वाट धरतो. तोंवर रोग मुरलेला असतो व सावकार दारांत उभा असतो.

तीन, सरकारी माणसाशीं खरें बोलण्याची त्यास धास्ती आहे, आणि ती उगीच नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत व पुढें १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला. सोजीर घरांत घुसून झडत्या घेऊं लागले, रोग्यास व त्याच्या घरच्यांस उचलून छावणींत नेऊं लागले; तेव्हां लोकांनीं आपलीं दुखणाईत माणसें माळ्यावर आणि अंधाऱ्या खोल्यांत लपविलीं. त्याच प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. त्याच प्लेगानें ९ फेब्रुवारी रोजीं नारायण मेघाजी लोखंडे गेले. एकीकडे दुखणाइतास दारांतून ओढून नेणारे हात होते, दुसरीकडे त्यास आपण होऊन उचलणारे हात होते. पहिल्या हातांची भीति मात्र पिढ्यानपिढ्या उरली. आजही ओळखपत्र गळ्यांत अडकविलेला माणूस दारीं आला कीं, रेशन तर बंद होणार नाहीं ना, कामावरून तर काढणार नाहींत ना, असें मनांत येतेंच.

चार, पुष्कळ वेळां उत्तर देणारा एक आणि दुखणें दुसऱ्याचें असतें. माणूस घरीं नसेल तर घरांतील दुसऱ्यास विचारण्याची कित्येक पाहण्यांत मुभा असते. मग सासरा सुनेचें सांगतो, नवरा बायकोचें सांगतो. सुनेच्या अंगावरून काय जातें हें सासऱ्यास काय कळणार, आणि कळलें तरी तो परक्या पुरुषापुढें काय बोलणार?

पांच, प्रारब्ध. मागील जन्मींचें पाप म्हणून गुडघा दुखतो, अशी ज्याची समजूत करून दिली आहे तो त्याची तक्रार पाहणीदारापाशीं कशाला करील? जोतीराव फुल्यांनीं शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वीं ज्या भोळसट समजुतीवर घाव घातला, ती आजही दुखणाइताच्या उशाशीं बसलेली आहे. आम्ही स्पष्ट सांगतों, गुडघ्याची झीज ही मागील जन्मींच्या पापाची नसून याच जन्मींच्या ओझ्याची आहे.

आतां पाहणीच्या पुस्तकांत पहिल्याच कांहीं पानांवर एक तक्ता असतो, त्याकडे वळूं. किती जणांस विचारलें, त्यांत बाया किती, पुरुष किती, कोणत्या वयाचे, किती शिकलेले, कोणत्या जातीधर्माचे, सधन किती, निर्धन किती, असा तो तक्ता असतो. हा तक्ता रुक्ष म्हणून लोक तें पान उलटतात. आमचें म्हणणें असें कीं, सगळें पुस्तक बाजूस ठेवून तें एक पान आधीं वाचावें. कारण पंक्तीस कोण बसलें होतें हें समजल्याशिवाय जेवण कसें झालें या उत्तरास किंमत नाहीं.

कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत सात लाख चोवीस हजारांवर बायांस विचारलें, आणि पुरुषांस एक लाख दोन हजारांच्या आसपास. बाया १५ ते ४९ वयाच्या, पुरुष १५ ते ५४ वयाचे. म्हणजे पन्नाशी ओलांडलेली आमची माउली त्या मुलाखतींत नाहींच. तिच्यासाठीं निराळी पाहणी आहे; ४५ वर्षांवरील माणसांची, २०१७-१८ सालीं झालेली, बहात्तर हजारांवर माणसांची. तींत प्रकृति कशी आहे हा प्रश्न स्पष्ट विचारलेला आहे, ही चांगली गोष्ट. पण तिचा आंकडा वाचतांनाही एक ध्यानांत ठेवावें: मेलेल्या माणसास कोणी प्रश्न विचारीत नाहीं. गरिबाच्या घरचीं जीं माणसें पन्नाशींत, पंचावन्नांत गेलीं, तीं साठीच्या तक्त्यांत येतच नाहींत. जीं चिवट म्हणून उरलीं तींच उत्तर देतात, आणि त्यांच्या चिवटपणाचें श्रेय आमच्या दारिद्र्यास दिलें जातें!

तसेंच जो घरीं नाहीं तो तक्त्यांत नाहीं. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतील वाड्यावस्त्या ओस पडतात. उचल घेतलेलीं कुटुंबें कोयता घेऊन कारखान्यांच्या मुलखांत जातात तीं उन्हाळा लागल्यावर परततात. त्या दिवसांत पाहणीदार आला तर त्याला कुलूप भेटतें, नाहीं तर म्हातारी भेटते. मेंढपाळ, वडार, वीटभट्टीवरचा मजूर यांची तीच गत. ज्यांचें शरीर सर्वांत अधिक झिजतें, त्यांचाच दाखला सर्वांत कमी मिळतो.

जातीचा रकाना भरून घेतात पण त्याचें पुढें काय होतें? जिल्ह्याजिल्ह्याचीं जीं छोटीं पत्रकें या कुटुंब पाहणींतून निघतात त्यांत जातवार आंकडे नसतात. सगळ्यांची सरासरी काढून मोकळे होतात. सरासरी म्हणजे काय, तर पाटलाच्या वाड्यांतील तूप व महारवाड्यांतील ताक एका भांड्यांत ओतून सर्वांस लोणी मिळालें असें जाहीर करणें. जात मोजली म्हणजे काय दिसतें तें पाहा. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, ओडिशा, आसाम इत्यादि नऊ राज्यांत २०१० च्या सुमारास सरकारनें वार्षिक आरोग्य पाहणी केली. तींतील दोन कोटींवर माणसांच्या माहितीवरून २०२२ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदूंहून आदिवासींचें आयुष्य चार वर्षांहून अधिक कमी, दलितांचें तीन वर्षांहून अधिक कमी, मुसलमानांचें सुमारें एक वर्षानें कमी. बरें, हा केवळ पैशाचा फरक म्हणावा, तर सांपत्तिक स्थिति हिशेबांत धरूनही निम्म्याहून अधिक तफावत शिल्लक राहते. म्हणजे जात ही केवळ पंगतींत आणि पाणवठ्यावर नसून आयुष्याच्या दोरींतही आहे. जे म्हणतात कीं जात मोजल्यानें जातिभेद वाढतो, त्यांस आम्ही विचारतों, ताप मोजल्यानें ताप वाढतो काय? १९३१ सालानंतरच्या शिरगणतींत सर्व जाती मोजणें बंद झालें. येत्या शिरगणतींत त्या पुन्हा मोजूं, असें केंद्र सरकारनें ३० एप्रिल २०२५ रोजीं जाहीर केलें. ती मोजणी कागदावर न राहतां मरणाच्या व दुखण्याच्या आंकड्यांशीं जोडली जावी, हें आमचें मागणें आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "मग हा प्रश्नच फेंकून द्या, अडाण्याच्या ‘बरें आहे’ला काय अर्थ?" अशा माणसाचा आम्ही तितकाच जोरानें निषेध करतों. कॅनडांतील मॅनिटोबा प्रांतांत १९७१ सालीं ६५ वर्षांवरील तीन हजारांवर म्हाताऱ्यांस हाच साधा प्रश्न विचारला होता. पुढें कोण किती दिवस जगला याचा हिशेब १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या नोंदी, वय, सगळें जमेस धरूनही, ज्यांनीं आपली प्रकृति वाईट म्हटली होती त्यांना लवकर मरण येण्याचा धोका उत्तम म्हणणारांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. पुढें १९९७ सालीं निरनिराळ्या देशांतील अशा २७ अभ्यासांची छाननी झाली, आणि बहुतेक सर्वांत तेंच आढळलें. म्हणजे माणसाला आपल्या शरीराचें जें आंतून कळतें तें कित्येकदां डॉक्टरच्या कागदांतही सांपडत नाहीं. आमच्या अडाणी माणसाची साक्ष खोटी नाहीं. ती वाचण्याची रीत चुकीची आहे.

हा घोळ शेतकऱ्यास एका दाखल्यानें सहज समजेल. पूर्वीं गांवोगांवची पायली निराळी असे. एकाच गांवांत, एकाच पायलीनें मापलें तर कोणाची रास मोठी व कोणाची लहान हें बिनचूक कळे. पण या गांवची दहा पायली आणि त्या गांवची दहा पायली सारखीच, असें धरून व्यापार करणारा बुडे. प्रकृतीच्या प्रश्नाचें तसेंच आहे. एका वाडींतील माणसें एकमेकांशीं ताडून पाहिलीं तर ज्यानें "बरं नाहीं" म्हटलें त्याकडे आधीं धांव घ्यावी. तो खरें सांगतो आहे. पण वाडीची आणि शहराची, विधवेची आणि विधुराची, शिकलेल्याची आणि न शिकलेल्याची पायली एकच समजून तुलना केली कीं लबाडी झाली.

पायली तपासण्याची युक्तीही शास्त्रज्ञांनीं काढली आहे. पाहणीदार एका कल्पित माणसाची हकीकत सांगतो: अमुक माणसास थोडें चाललें कीं गुडघे दुखतात, चढण चढतांना बसावें लागतें, त्याचा त्रास किती, तुम्हीच सांगा. ऐकणारा म्हणाला, "ह्यात काय त्रास!" म्हणजे त्याची पायली केवढी मोठी हें कळलें, मग त्याच्या स्वतःच्या "बरें आहे"ची किंमत त्या मापानें लावावयाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रौढांच्या व वृद्धांच्या आरोग्यपाहणींत ही युक्ति वापरली आहे, आणि ती आमच्या पुणें जिल्ह्यांतील वढू भागांतही वापरून झाली आहे. शिरूर व हवेली तालुक्यांतील खेड्यांत पन्नाशीवरील ५,४३० माणसांस प्रकृतीविषयीं विचारून त्याचा वृत्तांत २०१० सालीं छापला. त्यांत काय निघालें? वय वाढेल तसें अपंगत्व वाढतें, हें खरेंच. पण शिक्षण जितकें कमी तितकें अपंगत्व अधिक. बायांची प्रकृति पुरुषांहून वाईट. आणि थकलेल्या वयांत ज्यांचा जोडीदार गेला त्यांचीही वाईट. म्हणजे नीट रीतीनें विचारलें तर आमच्याच बाया सांगतात कीं, बरें नाहीं. सिंगूरच्या विधवेचें तोंड जें बंद होतें तें वढूच्या म्हातारीनें उघडलें. शाळेची पाटी हातीं न पडल्याचा दंड माणूस पन्नाशीनंतर गुडघ्यांनीं व डोळ्यांनीं भरतो, याहून शिक्षणाच्या बाजूची मोठी साक्ष आम्हांस ठाऊक नाहीं.

नीट विचारलें म्हणजे काय उजेडांत येतें याचा दुसरा दाखला बीड जिल्ह्याचा. ऊस तोडणाऱ्या बायांच्या पिशव्या सर्रास काढल्या जातात अशी ओरड झाली, तेव्हां २०१९ सालीं सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. ऊसतोडीस जाणाऱ्या ८२,३०९ बायांस विचारलें. त्यांपैकीं १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांमागें एक! सगळ्या देशांत १५ ते ४९ वर्षांच्या बायांत हें प्रमाण शेंकडा सुमारें तीन आहे. पाळीच्या दिवसांत खाडा पडूं नये, दुखण्याची कटकट नको, पुढें कर्करोग होईल अशी भीति घातलेली, म्हणून ऐन उमेदींत पोट फाडून घेतलेल्या या आमच्या बहिणी. त्यांस कोणी समिति नेमून विचारीपर्यंत त्याही फडावर "बरं हाय" असेंच म्हणत होत्या, आणि मुकादम व कारखानदार तें ऐकून खूष होते.

आतां सरकारास आमचें सांगणें. बाईस बाईनेंच, एकांतांत, तिच्या बोलींत विचारा. सासऱ्याच्या देखत नको. नुसतें विचारूं नका, मोजाही. रक्त, रक्तदाब, साखर, नजर, दम. याच कुटुंब पाहणींत १५ वर्षांवरील बायांत शेंकडा २१.३ व पुरुषांत शेंकडा २४ जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला किंवा ते त्यावर औषध घेत होते. वाढलेला रक्तदाब कांहीं दुखत नाहीं, मग तो नुसत्या प्रश्नानें कसा कळणार? आंकडे जातवार, धंदेवार, तालुकेवार छापा व तें पत्रक ग्रामसभेंत मराठींतून वाचून दाखवा. आणि तक्रार कमी म्हणून दवाखाना कमी, हा न्याय सोडा. जेथें तक्रार कमी व मरण अधिक, तेथें डॉक्टर आधीं पाठवा.

आमच्या बांधवांसही चार शब्द. पाहणीदार आला तर त्याला दारांतून घालवूं नका. तो झडती घेणारा सोजीर नव्हे. पण त्याला रामरामाचें उत्तर देऊं नका. "बरें आहे" म्हणण्याआधीं स्वतःस विचारा, पहिल्यासारखी पोतीं उचलतात काय, रात्रीं झोंप लागते काय, कांडीचा धागा दिसतो काय, चढणीवर दम लागतो काय. आणि जें असेल तें सांगा. बोटाला सुई टोंचली तर आंकडा किती निघाला तो कागद मागून घ्या, घरांत जपून ठेवा, कमी निघाला तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत जा. बायकोचें, आईचें, सुनेचें उत्तर तुम्ही देऊं नका. तिला पुढें बसवा आणि तुम्ही बैलांना वैरण टाकायला जा. ती जें सांगेल त्यावर मागाहून घरांत तिला जाब विचारूं नका.

भगिनींनो, तुमच्या दुखण्याला नांव आहे. अंगावरून जाणें, धाप लागणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, कंबर धरणें हें बाईपणाचें भूषण नव्हे. तुम्हीं सोसलेंत म्हणून घर चाललें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तुम्हीं सोसलेंत म्हणूनच सरकारच्या तक्त्यांत तुमचें दुखणें शून्य पडलें आणि त्या शून्यावर तुमच्या गांवचा दवाखाना अडला. पुढच्या वेळीं ओसरीवर तो प्रश्न आला म्हणजे पदर सावरून आंत जाऊं नका. बसा, आणि खरें तें सांगा. तो लिहून नेईल. त्यानें काय लिहिलें तें ग्रामसभेंत मागून घेण्याचें काम आपण सर्वांनीं मिळून करूं.